फळीवरचा पाय: पॉवेलच्या ८.९५ मीटर उडीची चिरफाड

३० ऑगस्ट १९९१. टोकियोचं राष्ट्रीय स्टेडियम, जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धा, पुरुषांच्या लांब उडीची अंतिम फेरी. कार्ल लुईस दहा वर्षांत लांब उडीत हरला नव्हता. सलग ६५ स्पर्धा त्याच्या नावावर होत्या. पाचच दिवस आधी याच मैदानावर त्याने १०० मीटर ९.८६ सेकंदांत धावून विश्वविक्रम केला होता. समोर माइक पॉवेल. लुईसला त्याने तोवर एकदाही हरवलं नव्हतं. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत तर तो एका सेंटिमीटरने मागे पडला होता, ८.६३ विरुद्ध ८.६४.

पॉवेलची पहिली उडी ७.८५ मीटर. लुईसची पहिलीच ८.६८. पुढे लुईस ८.८३ आणि मग चौथ्या प्रयत्नात ८.९१. बॉब बीमनने १९६८ साली मेक्सिको सिटीत मारलेल्या ८.९० मीटरच्या पलीकडे प्रथमच कोणीतरी वाळूत उतरलं होतं. मात्र पाठीमागून वारा सेकंदाला २.९ मीटरचा होता. विक्रमासाठी मर्यादा २.० मीटरची. त्यामुळे ८.९१ स्पर्धेच्या क्रमवारीत धरली गेली, विक्रमांच्या यादीत नाही. पाचव्या प्रयत्नात पॉवेल धावला, वारा फक्त ०.३, आणि टेप ८.९५ वर थांबली. लुईसकडे अजून दोन प्रयत्न होते. त्याने ८.८७ आणि ८.८४ मारल्या. यातली ८.८७ ही वाऱ्याच्या मर्यादेत बसणारी त्याची आयुष्यातली सर्वोत्तम उडी ठरली, आणि तीही त्याला सुवर्ण देऊ शकली नाही. एका संध्याकाळी चार उड्या ८.८० च्या पलीकडे मारूनही माणूस दुसरा येतो, हे लांब उडीत ना आधी घडलं होतं ना नंतर घडलं.

या लढतीवर भावनेच्या अंगाने भरपूर लिहिलं गेलंय. मला त्यातला कोरडा भाग जास्त आवडतो. त्या स्पर्धेत जपानी संशोधकांच्या चमूने दोघांच्या उड्या वेगवान कॅमेऱ्यांनी टिपल्या आणि फळीच्या, म्हणजे जिथून उडी घेतात त्या पट्टीच्या, आसपासचे वेग मोजले. म्हणजे तोवरच्या जगातल्या दोन सर्वात लांब उड्या, पॉवेलची ८.९५ आणि लुईसची ८.९१, एकाच खड्ड्यात, एकाच संध्याकाळी, एकाच पद्धतीने मोजलेल्या. अभ्यासाला असं प्रकरण पुन्हा मिळालेलं नाही.

आकडे असे. फळीकडे येताना पॉवेलचा वेग सेकंदाला सुमारे ११.० मीटर, लुईसचा सुमारे ११.१. म्हणजे धाव जवळपास सारखीच. फळी सोडताना मात्र चित्र पालटतं. पॉवेलचा आडवा, म्हणजे पुढे जाण्याचा, वेग उरला ९.१, लुईसचा ९.७. उभा, म्हणजे वर जाण्याचा, वेग पॉवेलचा ३.७, लुईसचा ३.२. उड्डाणाचा कोन पॉवेलचा २२ अंशांच्या आसपास, लुईसचा १८ च्या.

थोडक्यात, जो माणूस फळीवर जास्त वेग गमावून बसला तोच लांब गेला. ११.० वरून ९.१ म्हणजे जवळपास दोन मीटर प्रति सेकंद पाण्यात. कोणताही धावण्याचा प्रशिक्षक हे पाहून कपाळावर हात मारेल. पण त्या बदल्यात पॉवेलने जे विकत घेतलं ते लुईसपेक्षा जास्त होतं.

सौद्याचा हिशेब करू. फळी सोडताना गुरुत्वमध्य (शरीराचं सगळं वजन जिथे एकवटलंय असं मानता येतं तो बिंदू) जिथे असतो त्यापेक्षा उतरताना तो साधारण ६० सेंटिमीटर खाली असतो असं धरलं, तर ३.७ च्या उभ्या वेगाने पॉवेल हवेत सुमारे ०.८९ सेकंद राहतो आणि ३.२ ने लुईस ०.८० सेकंद. पॉवेलचा गुरुत्वमध्य सुमारे ७० सेंटिमीटर वर चढतो, लुईसचा ५२. आता ०.६ मीटर प्रति सेकंद आडवा वेग कमी पडल्याने पॉवेलने हवेत अर्धा मीटर गमावला, पण जास्तीच्या ०.०९ सेकंदाने ८० सेंटिमीटर कमावले. हा हिशेब ढोबळ आहे, त्यातून चार सेंटिमीटरचा फरक नेमका निघणार नाही. उभ्या वेगाच्या मोजणीत ०.१ ची चूक झाली तरी अंतरात १५-१६ सेंटिमीटर इकडेतिकडे होतात. शिवाय फळी सोडताना शरीर पायाच्या किती पुढे झुकलं आहे आणि वाळूत टाचा किती पुढे टेकल्या, तेही अंतरात मिळतं. लांब उडीच्या एकूण अंतरापैकी नऊ दशांशाच्या आसपास उड्डाणातून येतं आणि उरलेलं या दोन टोकांतून. पण सौद्याची दिशा आकड्यांतून स्वच्छ दिसते.

इथे शाळेच्या मैदानावरचा एक जुना गैरसमज काढून टाकायला हवा. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात फेकलेली वस्तू ४५ अंशांत सर्वात लांब जाते असं असतं, आणि तेच वाक्य लांब उडीच्या खड्ड्याशेजारी उभं राहून मुलांना ऐकवलं जातं. पॉवेलने ९.८ च्या एकूण वेगाने ४५ अंशांत उडी मारायची ठरवली असती तर त्याला उभा वेग ६.९ लागला असता. तेवढ्यात गुरुत्वमध्य २.४५ मीटर वर उचलला जातो. योगायोग असा की उंच उडीचा विश्वविक्रमही २.४५ मीटरच आहे, हाविएर सोतोमायोरचा, १९९३ सालचा. पण ती उंची जमिनीपासून मोजलेली, आणि त्यातला जवळपास निम्मा भाग उडी मारणाऱ्याच्या उभ्या शरीराने आधीच भरून काढलेला असतो. माणसाच्या पायाला ६.९ झेपत नाही. उलट बाजूने पाहा: उभा वेग ४.० पर्यंत नेता येतो असं धरलं आणि ४५ अंशांचा हट्ट केला, तर आडवा वेगही ४.० वर आणावा लागेल आणि उड्डाण चार मीटरही भरणार नाही. कोन वाढवायचा तर वेग द्यावा लागतो, ही पुस्तकातल्या तोफगोळ्याला नसलेली अट पायाला आहे. म्हणून मोठे उडीपटू २० अंशांच्या मागेपुढेच घुटमळतात.

मग पॉवेलने ३.७ आणला कुठून?

नदीकाठच्या गावात वाढलेल्या माणसाला हे लवकर कळतं. ओढा ओलांडताना पोरं धावत येतात, हातातली काठी पुढे रोवतात आणि काठीच्या टोकावरून शरीर पलीकडे झोकून देतात. काठी कुणालाही वर ढकलत नाही. ती फक्त वाकत नाही. पोराचा आडवा वेग काठीभोवती फिरतो आणि थोडा उभा होतो. काठी जितकी पुढे रोवाल तितकं वर जाल आणि तितका वेगही जाईल. काठी कुजकी असेल तर ओढ्यात.

लांब उडीत फळीवर टेकणारा उडीचा पाय ही अशीच काठी आहे. तो फळीवर शरीराच्या पुढे, जमिनीशी साधारण ६०-६५ अंशांत, जवळपास सरळ टेकतो. गुडघा १६५ ते १७० अंशांत. मग शरीर त्याच्यावरून पुढे जात असताना गुडघा १४०-१५० पर्यंत वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. हे सगळं ०.१२ सेकंदाच्या आसपास. आणि यातली खरी मेख अशी की फळी सोडताना जो उभा वेग असतो त्याचा निम्म्याहून जास्त भाग गुडघा *वाकत* असतानाच मिळालेला असतो. सरळ होताना नाही. 'पायाने जोर लावून उडी मार' असं आपण सांगतो, पण जोर लावण्याची वेळ येईपर्यंत अर्धं काम झालेलं असतं.

वाकत असताना वेग कसा मिळतो हे समजलं की लांब उडीचे स्नायू समजले. मांडीच्या पुढच्या बाजूचा चार डोक्यांचा स्नायू, क्वाड्रिसेप्स, त्या क्षणी आकुंचन पावायचा प्रयत्न करतोय, पण शरीराचा भार त्याला लांबवतोय. रस्सीखेच खेळताना दोर हातातून सुटत नाही, पण आपणच हळूहळू ओढले जातो, तशी अवस्था. अशा ताणल्या जाणाऱ्या अवस्थेत स्नायू सर्वात जास्त बल देऊ शकतो. स्थिर राहून देतो त्याहूनही जास्त. आणि वेगाने आखडताना तो सर्वात कमी बल देतो. ०.१२ सेकंदात पाय वेगाने सरळ करून वर जायचं म्हटलं तर स्नायू त्याच्या सर्वात दुबळ्या अवस्थेत सापडतो. वाकायला नकार देऊन वर जायचं म्हटलं तर तो सर्वात बलवान अवस्थेत असतो. लांब उडीचं तंत्र या एका गोष्टीभोवती घडलेलं आहे.

बल किती? उभा वेग शून्यापासून ३.७ पर्यंत ०.१२ सेकंदात न्यायचा म्हणजे सरासरी तीन-सव्वातीन पट गुरुत्वत्वरण, त्यात स्वतःचं वजन मिळवा. सरासरी चार पट वजनाहून थोडं जास्त. शरीर ७५ किलोचं धरलं तर त्या एका पायावर सरासरी ३०० किलोंच्या वरचा भार. लुईसच्या ३.२ साठी हाच आकडा साधारण पावणेचार पट येतो. हे सरासरीचं झालं; टाच फळीवर आपटते त्या पहिल्या काही मिलिसेकंदांत वजनाच्या दहापट किंवा त्याहून मोठा झटका लांब उडीत मोजला गेलेला आहे. तो झटका स्नायूंपेक्षा हाडं, टाचेची गादी आणि बूट जास्त सोसतात.

पण क्वाड्रिसेप्स एकटा काही करू शकत नाही. खुब्यात शरीर पुढे कोलमडू नये म्हणून नितंबाचा मोठा स्नायू आणि मांडीमागचे हॅमस्ट्रिंग खुबा ताठ ठेवतात. हॅमस्ट्रिंगची अडचण अशी की ते गुडघाही ओलांडतात आणि तिथे ते गुडघा वाकवायला बघतात, म्हणजे क्वाड्रिसेप्सच्या विरुद्ध. दोघांनी एकाच वेळी ताणून धरलं की सांधा कुलूप लावल्यासारखा कडक होतो. नवख्या मुलांचा गुडघा फळीवर दुमडतो तेव्हा अनेकदा मांडी कमजोर नसते, हे कुलूप वेळेवर लागलेलं नसतं. पोटरीचे स्नायू घोटा कोसळू देत नाहीत आणि शेवटच्या क्षणी, गुडघा सरळ होत असताना, तिथली ताकद घोट्याकडे पोहोचवतात. पोटरीचा वरचा स्नायूही गुडघा आणि घोटा दोन्ही ओलांडतो, म्हणून त्याला हे जमतं. घोट्यामागची जाड कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, या दरम्यान ताणून ऊर्जा साठवते आणि परत देते.

एक स्नायू कायम विसरला जातो. नितंबाच्या बाजूचा मध्यम स्नायू. एका पायावर तीनचारशे किलोंचा भार येत असताना दुसऱ्या बाजूचा खुबा खाली लटकू नये हे त्याचं काम. तो ढिला पडला की ओटीपोटाची कड दुसऱ्या बाजूला झुकते, शरीर फळीवर किंचित घसरतं आणि थोडा उभा वेग तिथेच मुरतो. समोरून व्हिडिओ काढला तरच हे दिसतं, आणि आपण सगळे व्हिडिओ बाजूने काढतो.

मोकळ्या पायाकडे आणि हातांकडे पाहू. मोकळ्या पायाची मांडी खुब्यासमोरचे स्नायू वेगाने वर खेचतात, हातही वर येतात. शरीराचे हे भाग वर वेग घेत असताना खालचा पाय फळीवर तितकाच जास्त दाबला जातो आणि फळी परत ढकलते. मांडी जमिनीला समांतर आल्यावर एकदम थांबते तेव्हा तिचा वेग बाकीच्या शरीराला मिळतो.

वेळेचा मुद्दा मात्र सगळ्यात महत्त्वाचा. पाय टेकल्याचं मज्जातंतूंनी वर कळवून, तिथून हुकूम येऊन, स्नायूत ताण तयार होईपर्यंत फळीवरचा बराचसा वेळ संपतो. म्हणजे हे सगळे स्नायू पाय हवेत असतानाच चालू झालेले असावे लागतात. फळीवर काही ठरवता येत नाही. जे ठरलं ते शेवटच्या दोन पावलांत.

त्या दोन पावलांत काय होतं? उपांत्य पाऊल थोडं लांब पडतं, त्या पायाचा गुडघा जास्त वाकतो आणि गुरुत्वमध्य काही सेंटिमीटर खाली येतो. शेवटचं पाऊल छोटं आणि झटपट, उडीचा पाय खालून मागे ओढत फळीवर ठेवला जातो. शरीर खाली गेलेलं असल्याने फळीवर त्याला वर चढायला जास्त अंतर मिळतं. पाय मागे ओढत टेकल्याने आदळणं कमी होतं आणि विनाकारण लागणारा ब्रेक टळतो. ब्रेक हवा तेवढाच हवा. पॉवेलचा ब्रेक लुईसपेक्षा जोरदार होता यात शंका नाही, पण त्याचा पाय त्या ब्रेकला पुरून उरला, हे महत्त्वाचं. त्याच ब्रेकवर दुसऱ्या कोणाचा गुडघा १२० अंशांपर्यंत गेला असता आणि उडी साडेसात मीटरवर बसली असती.

ऊर्जेच्या भाषेत सांगायचं तर पॉवेलने धावेतल्या गतिज ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के फळीवर गमावली, लुईसने १५ टक्क्यांच्या आसपास. गमावलेली ऊर्जा म्हणजे ताणले गेलेले स्नायू आणि कंडरा, त्यांतली उष्णता, फळीचा आवाज. लांब उडी हा ऊर्जा वाचवण्याचा खेळ नाही. ती कुठे खर्चायची हे ठरवण्याचा आहे.

हा फरक का पडला, याचं उत्तर मला दोघांच्या पूर्वेतिहासात दिसतं. पॉवेल शाळेत उंच उडीपटू होता, सात फुटांच्या आसपास उडी मारणारा. उंच उडीत पाय रोवून आडवा वेग उभा करणं हेच सगळं आयुष्य असतं. लुईस उडीइतकाच धावणाराही. वेग जपणं त्याच्या अंगात मुरलेलं. त्याचे प्रशिक्षक टॉम टेलेझ, पॉवेलचे रँडी हंटिंग्टन. हेच हंटिंग्टन पुढे चीनमध्ये सू बिंगतियानला १०० मीटरसाठी तयार करताना दिसले, म्हणजे त्यांना वेगाचं वावडं होतं असं अजिबात नाही. दोन शाळांची टक्कर वगैरे म्हणणं अतिशयोक्ती होईल, पण दोन शरीरांच्या सवयींची टक्कर नक्कीच होती.

फळी सुटल्यावर काय? फारसं काही नाही, हे ऐकून प्रेक्षक नाराज होतात. गुरुत्वमध्याचा मार्ग फळी सोडतानाच ठरतो आणि हवेत हातपाय कितीही मारले तरी तो बदलत नाही. लुईस हवेत धावल्यासारखे पाय फिरवायचा. त्याने अंतर वाढत नाही. फळीवर ब्रेक लागल्याने शरीराला पुढे कोसळण्याची जी गिरकी मिळते ती हातापायांच्या फिरण्यात सामावली जाते आणि धड उभं राहतं. ते उभं राहिलं नाही तर पाय पुढे काढायला जागा उरत नाही.

उतरताना पोटाचे आणि खुब्यासमोरचे स्नायू मांड्या वर धरतात, क्वाड्रिसेप्स गुडघे सरळ करतात आणि टाचा पुढे जातात. इथे आडवे येतात ते पुन्हा हॅमस्ट्रिंग. ते आखूड असतील तर पाय पुरते वर येत नाहीत. टाचा वाळूत रुतल्या की हेच हॅमस्ट्रिंग आखडून बसकण पुढे ओढतात, गुडघे वाकतात आणि माणूस टाचांच्या खड्ड्यात बसतो, मागे नाही. अंतर फळीला जवळच्या खुणेपर्यंत मोजतात, त्यामुळे मागे टेकलेला एक हात पाव मीटर खाऊ शकतो. फळीवर इतकं कमावून वाळूत गमावणारे मी खूप पाहिलेत. यावर सरावाचे चार दिवस घालवले की फरक पडतो, म्हणून त्याबद्दल याहून जास्त लिहीत नाही.

मैदानावर या प्रकरणाचा उपयोग काय, हा प्रश्न मला तालुका पातळीवरच्या मुलांकडे पाहून पडतो. चौदा वर्षांच्या मुलीला पॉवेलचा कोन शिकवणं चुकीचं आहे. तिच्या पायाला तो ब्रेक सोसणार नाही. तिला 'वर बघ, उंच उडी मार' म्हटलं की ती शेवटचं पाऊल लांब टाकते, मागे झुकते, पाय शरीराच्या खूप पुढे आपटतो आणि गुडघा दुमडतो. उंची मिळत नाही आणि वेगही जातो, म्हणजे सौद्यातली दोन्ही टोकं हातची गेली. त्यापेक्षा सहा-आठ पावलांची छोटी धाव, फळीच्या जागी चुन्याची रेघ, आणि 'शेवटचं पाऊल छोटं, पाय पटकन' एवढंच सांगितलं तर ती आपोआप वर जाते. धाव वाढवायची ती गुडघा टिकतो असं दिसल्यावर.

ताकदीच्या सरावात आपण उठाबशांवर फार भर देतो. उठणं हा आखडण्याचा भाग आहे. आपल्याला हवा बसण्याचा. कमी उंचीच्या पायरीवरून एका पायावर उतरून गुडघा न दुमडता थांबणं, हळू खाली जाणं, जोडीदाराने पाय धरून गुडघ्यांवरून पुढे झुकत हॅमस्ट्रिंगने स्वतःला रोखणं, अशा गोष्टींतून तो ताणत सोसायचा गुण येतो. या वयात गुडघ्याच्या वाटीखालचा, नडगीच्या हाडावरचा उंचवटा दुखतो असं मूल सांगत असेल तर ते बहाणा करत नाही. वाढीच्या वयात तिथलं हाड अजून पक्कं झालेलं नसतं आणि क्वाड्रिसेप्सची ओढ सगळी तिथेच लागते. तेव्हा उड्या थांबवायच्या, वेदनाशामक मलम लावून चालू ठेवायच्या नाहीत.

मोठ्यांनाही या गुडघ्याची किंमत मोजावी लागते. भारताची लांब उडी गेल्या काही वर्षांत चांगलीच उजळली. मुरली श्रीशंकर ८.४१, जेस्विन ऑल्ड्रिन ८.४२ मीटरच्या राष्ट्रीय विक्रमापर्यंत. २०२४च्या एप्रिलमध्ये श्रीशंकरचा गुडघा सरावात दुखावला, शस्त्रक्रिया झाली आणि पॅरिस ऑलिंपिक हुकलं. ८.४२ आणि ८.९५ मध्ये ५३ सेंटिमीटर आहेत. बीमनने १९६८ साली जुना विक्रम ५५ सेंटिमीटरने मोडला होता, तेही समुद्रसपाटीपासून २२४० मीटर उंचीवरच्या विरळ हवेत आणि मर्यादेला नेमका टेकलेल्या २.० च्या वाऱ्यात. पॉवेलकडे यातलं काहीही नव्हतं.

पॉवेलने पुढच्याच वर्षी इटलीतल्या सेस्त्रिएरेच्या डोंगरात ८.९९ मारली, पण वारा ४.४. तिथेच १९९५ साली इव्हान पेद्रोसोची ८.९६ वारामापकाच्या समोर माणूस उभा असल्याने ग्राह्य धरली गेली नाही. त्यामुळे टोकियोचा आकडा अजून आहे तिथेच आहे.

आणि पॉवेलची पद्धत श्रेष्ठ, असा निष्कर्ष काढायची घाई झाली असेल तर ६ ऑगस्ट १९९२ची बार्सिलोना ऑलिंपिकची अंतिम फेरी समोर ठेवावी. लुईसने पहिल्याच प्रयत्नात ८.६७ मारली. पॉवेलने शेवटच्या प्रयत्नात ८.६४. तीन सेंटिमीटरने सुवर्ण पुन्हा धावणाऱ्याकडे गेलं.